सिम्युलेटरमधलं लढाऊ जेट धावपट्टीवर थांबवताना: चाकांच्या ब्रेकची जोडणी आणि वापर

ग्वाल्हेरच्या महाराजपूर तळाची धावपट्टी साधारण २७०० मीटर लांब आहे. मिराज २०००ला ती पुरून उरते. तरीही सिम्युलेटरमध्ये तिचं टोक ओलांडून पलीकडच्या शेतात थांबणारे कमी नाहीत. दोष बहुतेक वेळा ब्रेकला दिला जातो आणि खरं कारण वेगळंच निघतं. कुणी जास्त वेगाने टेकलेलं असतं, कुणी नाक हवेत असतानाच पेडल दाबलेलं असतं, तर कुणाचं पेडल मुळात उलटं जोडलेलं असतं. ग्वाल्हेरच्या लष्कर-मुरार भागांत राहणाऱ्यांच्या डोक्यावरून मिराज रोज जातात, त्यामुळे सिममध्येही तेच विमान आधी घ्यावंसं वाटतं. म्हणून इथली आकडेमोड मिराज धरूनच केली आहे. इतर विमानांच्या वेगळ्या सवयी पुढे येतील.

आधी ब्रेकवर किती काम पडतं ते बघू. ९ टन वजनाचं विमान १४० नॉटला, म्हणजे सेकंदाला ७२ मीटरने, टेकलं तर त्याच्यात साधारण २३ मेगाज्यूल ऊर्जा असते. १०० नॉटला तीच जेमतेम १२ उरते. म्हणजे पहिले ४० नॉट कमी होतानाच जवळजवळ निम्मं काम संपलेलं असतं. याउलट १७० नॉटला टेकलात तर ऊर्जा ३४ मेगाज्यूलच्या वर जाते. वेग १० टक्के जास्त म्हणजे ऊर्जा २१ टक्के जास्त, हा हिशेब चुकत नाही. दर सेकंदाला वेग सेकंदाला २.५ मीटरने सतत कमी होत राहिला, तर १०० नॉटवरून थांबायला साधारण ५३० मीटर लागतात, १४० वरून १०४० आणि १७० वरून १५३०. टेकण्याआधी तरंगत घालवलेली धावपट्टी यात धरलेली नाही, आणि जास्त वेगाने आलेलं विमान तरंगतंच.

यात ग्वाल्हेरचं ऊन मिळवा. तळ समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० फुटांवर आहे आणि मे महिन्यात दुपारी पारा ४५च्या आसपास जातो. अशा विरळ हवेत वेगमापकावर १४० दिसत असतील तर जमिनीवरचा खरा वेग १४९च्या जवळ असतो आणि ऊर्जा सुमारे १३ टक्क्यांनी वाढते. मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटरमध्ये व्हीआयजीआर हा विमानतळाचा संकेत टाकून याच धावपट्टीवर उतरता येतं. डीसीएस या लढाऊ विमानांच्या सिम्युलेटरमध्ये ग्वाल्हेरचा नकाशा नाही, पण मिशन एडिटरमध्ये उन्हाळ्याचा महिना निवडून तापमान चढवलं की हाच परिणाम फुकट मिळणाऱ्या कॉकेशस नकाशावरही दिसतो. तिथल्या बातुमी, कोबुलेती, सेनाकी या धावपट्ट्या ग्वाल्हेरपेक्षा आखूड आहेत, त्यामुळे सरावाला त्याच बऱ्या.

पेडलची जोडणी

ब्रेकच्या निम्म्या तक्रारी इथेच मिटतात, म्हणून इथे वेळ द्या.

डीसीएसमध्ये नवं उपकरण जोडलं की प्रोग्राम त्याचे अक्ष स्वतःच्या मनाने वाटून टाकतो. पायातल्या पेडलचा डावा ब्रेक बऱ्याचदा विमान आडवं कलवण्याच्या अक्षावर आणि उजवा नाक वर-खाली करण्याच्या अक्षावर बसतो. परिणाम असा, की ब्रेक दाबला की काठी हलवल्यासारखं विमान डोलतं, किंवा काठी सोडली तरी विमान एका बाजूला झुकत राहतं. कंट्रोल्सच्या पानावर ‘ॲक्सिस कमांड्स’ उघडा, पेडलच्या रकान्यात रडर (शेपटीचं उभं सुकाणू), डावा ब्रेक आणि उजवा ब्रेक हे तीनच अक्ष ठेवा आणि बाकी सगळं पुसून टाका. प्रत्येक विमानासाठी हे वेगळं करावं लागतं, कारण डीसीएस प्रत्येक विमानाची जोडणी स्वतंत्र ठेवतं.

मग उलटेपणा. बहुतेक पेडलचे ब्रेक-अक्ष डीसीएसमध्ये उलटे वाचले जातात. पाय सोडला की पूर्ण ब्रेक लागतो आणि दाबला की सुटतो. थ्रॉटल वाढवूनही विमान जागचं हलत नसेल तर पहिला संशय यावरच घ्या. ‘ॲक्सिस ट्यून’मध्ये ‘इन्व्हर्ट’वर खूण करा. तिथेच ‘स्लायडर’वरही खूण करा. ती नसेल तर मृत पट्टा (‘डेडझोन’, म्हणजे जिथे हालचाल मोजलीच जात नाही तो भाग) अक्षाच्या मध्यावर बसतो, आणि ब्रेकला मध्यावर मृत पट्ट्याचा काहीच उपयोग नाही. तो लागतो सुरुवातीला, पाय नुसता टेकलेला असताना. मृत पट्टा ५ ते ८ ठेवा. स्वस्त पेडलमधला सेन्सर थरथरत असेल तर १० पर्यंत न्या, त्यापुढे नको. वक्रता (‘कर्व्हेचर’) २० ते ३० ठेवली की सुरुवातीचा दाब हलका मिळतो आणि टॅक्सी करताना, म्हणजे जमिनीवर चालवत नेताना, विमान झटके खात नाही.

आता तपासणी. विमानात बसल्यावर उजवा कंट्रोल आणि एंटर दाबा. पडद्यावर नियंत्रणांची छोटी चौकट येते. डावं पेडल दाबा, डावी पट्टी तळापासून टोकापर्यंत जायला हवी आणि सोडल्यावर पूर्ण परत यायला हवी. उजव्याचंही तसंच बघा. दोन्ही एकत्र दाबून पट्ट्या बरोबरीने चालतात का तेही बघा. एक मागे राहत असेल तर विमान दर वेळी एकाच बाजूला ओढलं जाईल आणि तुम्ही वाऱ्याला दोष देत बसाल. विंडोजच्या गेम कंट्रोलरच्या पानावर पुन्हा कॅलिब्रेट केल्यावर हा फरक बहुतेक जातो.

एक बारीक गोष्ट पुष्कळांना छळते. मिशन सुरू होताना पेडल जोवर हलत नाही तोवर त्याची स्थिती काही वेळा वाचली जात नाही आणि ब्रेक अर्धा लागल्यासारखा राहतो. म्हणून बसल्या बसल्या दोन्ही पेडल एकेकदा पूर्ण दाबून सोडा. मायक्रोसॉफ्टच्या सिममध्येही ब्रेकच्या अक्षाची दिशा उलटी करावी लागते, पण जोडणी एकदाच पुरते.

पेडल नसतील तर

कळफलकावर डीसीएसमध्ये ‘डब्ल्यू’ आणि मायक्रोसॉफ्टच्या सिममध्ये उजवीकडच्या अंकांच्या कळांमधली ‘डेल’ ही कळ ब्रेक लावते. कळ म्हणजे शून्य किंवा पूर्ण, मधलं काही नाही. ती धरून ठेवू नका. अर्धा सेकंद दाबा, अर्धा सोडा, आणि १०० नॉटच्या खाली आल्यावर दाबण्याचा वेळ वाढवत न्या. अँटी-स्किड, म्हणजे चाक घसरू न देणारी यंत्रणा, असलेल्या विमानात हे निभावतं. नसलेल्यात दीर्घ दाब म्हणजे टायर फुटणं.

त्यापेक्षा गेमपॅडचा ट्रिगर जोडणं चांगलं, कारण त्यात मधला दाब मिळतो. मात्र एक्सबॉक्सच्या गेमपॅडचे दोन्ही ट्रिगर जुन्या डायरेक्ट-इनपुट पद्धतीत एकाच अक्षावर येतात. डावा दाबला की अक्ष एका दिशेला, उजवा दाबला की दुसऱ्या, आणि दोन्ही दाबले की मध्यावर. त्यामुळे दोन ट्रिगरवर दोन ब्रेक बसत नाहीत. एका ट्रिगरवर दोन्ही चाकांचा मिळून ब्रेक ठेवा आणि वळण नाकाच्या चाकाने घ्या.

हाताने काही बनवायची आवड असेल तर सायकलच्या ब्रेकची मूठ हा फार समाधान देणारा उपाय आहे, आणि मिग-२१ किंवा एल-३९साठी तर तोच योग्य, कारण त्या विमानांत ब्रेक काठीवरच्या मुठीनेच लागतो. सायकलच्या दुकानातून मूठ, केबल आणि एक स्प्रिंग घ्या. एटीमेगा३२यू४ चिप असलेला आर्दुइनो प्रो मायक्रो घ्या, कारण तो संगणकाला थेट जॉयस्टिक म्हणून दिसतो. १० किलोओहमचा, सरळ रेषेत वाढणारा पोटेन्शिओमीटर घ्या, ज्यावर ‘बी१०के’ लिहिलेलं असतं. ‘ए१०के’ आवाजाच्या बटणासाठी असतो, त्यात ब्रेक सुरुवातीला काहीच लागत नाही आणि मग एकदम लागतो. पोटेन्शिओमीटरच्या कडेच्या दोन पायांना ५ व्होल्ट आणि ग्राउंड, मधला पाय ए० वर. मधला पाय आणि ग्राउंड यांच्यात ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला की आकड्यांची थरथर कमी होते. पोटेन्शिओमीटर जवळजवळ ३०० अंश फिरतो, पण मूठ त्याला ४०–५० अंशच फिरवते. त्यामुळे १०२४ पायऱ्यांपैकी दीडशेच्या आसपासच हाती येतात. केबल ज्या चाकतीवर गुंडाळता ती लहान घेतली की कोन वाढतो आणि पायऱ्याही वाढतात. उरलेलं काम फर्मवेअरमध्ये किमान आणि कमाल आकडा ठरवून करा. रोज वापरलं की पोटेन्शिओमीटरची पट्टी झिजते आणि ब्रेक मध्येच उसळतो. हा त्रास नको असेल तर पहिल्यापासूनच एसएस४९ई हा हॉल सेन्सर आणि छोटा चुंबक लावा. तिथे काही घासतच नाही.

टेकल्यापासून थांबेपर्यंत

ब्रेकची ताकद दोन गोष्टींवर ठरते: टायर आणि धावपट्टी यांच्यातलं घर्षण, आणि चाकांवर प्रत्यक्ष पडलेलं वजन. टेकल्याच्या क्षणी पंख जवळजवळ सगळं वजन उचलून धरत असतात. नाक तसंच वर ठेवलं तर १४० नॉटला टेकलेल्या विमानाचं १०० नॉटलाही निम्मंच वजन चाकांवर आलेलं असतं. अशा वेळी पेडल दाबलं की चाक धरतं, घसरतं आणि विमान फारसं हळू होत नाही. शिवाय मागच्या चाकांवरचा ब्रेक नाकाला खाली ओढतो आणि ते आपटतं.

हवेचा रोध मात्र वेगाच्या वर्गाने वाढतो. जोराच्या वेगात तो भरपूर असतो आणि वेग ३० टक्के घटला की निम्मा होतो. म्हणून जोराच्या वेगात हवा आणि कमी वेगात ब्रेक, हा क्रम ठेवायचा.

मिराजमध्ये उतरताना हल्ल्याचा कोन (‘अँगल ऑफ अटॅक’, म्हणजे पंख आणि समोरून येणारी हवा यांच्यातला कोन) १४ अंश ठेवतात. टेकल्यावर थ्रॉटल आयडलला, म्हणजे इंजिनाच्या सगळ्यात कमी जोरावर, ओढा आणि नाक १३ अंशांच्या आसपास धरून ठेवा. त्याहून वर नेऊ नका, शेपटी घासते. त्रिकोणी पंख एवढ्या कोनात जबरदस्त रोध देतो. वेग कमी होईल तशी काठी मागे मागे घ्यावी लागते. ती मागे घेऊनही नाक तोलायला जड जायला लागलं की हलकेच खाली सोडा. काठी संपेपर्यंत थांबलात तर नाक स्वतःच पडतं. नाकाचं चाक टेकलं की एक सेकंद थांबा, मग दोन्ही पेडल सारखी दाबा: आधी एक तृतीयांश, मग दोन सेकंदांत हवा तेवढा दाब. ८० नॉटच्या खाली निर्धास्त दाबा. वेग रोखणारं शेपटीचं पॅराशूट उघडायचं असेल तर ते वेग असतानाच उघडा. ६० नॉटला उघडलेलं पॅराशूट ओझ्याहून अधिक काही नसतं.

एफ-१६लाही हीच पद्धत लागू आहे. कोन १३ अंश ठेवायचा, १५ च्या वर गेला की नॉझल (इंजिनाचं मागचं तोंड) आणि स्पीडब्रेक (हवेचा रोध वाढवणाऱ्या झडपा) धावपट्टीला घासतात. १०० ते ८० नॉटच्या दरम्यान नाक खाली आणा. नाकाचं चाक टेकल्यावर स्पीडब्रेक पूर्ण उघडा. ब्रेक लावताना पाय उचलून पुन्हा दाबण्याचा मोह टाळा. अँटी-स्किड असलेल्या विमानात सतत आणि एकसारखा दाब सगळ्यात लवकर थांबवतो. चाक घसरायला लागलं की यंत्रणा स्वतः दाब सोडते आणि पुन्हा लावते. मध्येच पाय उचलला की तिचा अंदाज पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो.

एफ/ए-१८ वेगळं आहे. ते जहाजावर आपटण्यासाठी बनलेलं आहे. न तरंगवता ८.१ अंशांवर टेकवायचं, नाक लगेच खाली येऊ द्यायचं आणि मग ब्रेक. इथली खरी फसगत अँटी-स्किडच्या कळीची आहे. जहाजावर ती बंद ठेवतात. जहाजावरून उडून जमिनीवरच्या तळावर उतरणाऱ्या मिशनमध्ये ती बंदच राहते आणि पहिल्या जोराच्या दाबाला टायर फुटतात. गिअर खाली करतानाच तिच्याकडे बघायची सवय लावा. आपत्कालीन ब्रेकच्या हँडलने लावलेल्या ब्रेकलाही अँटी-स्किड नसतं, तिथे दाब हळूहळू वाढवा.

मिग-२१ची गोष्ट निराळी आहे. भारतीय हवाई दलातून ते सप्टेंबर २०२५मध्ये निवृत्त झालं, पण सिममध्ये आजही पुष्कळ जण ते आवडीने उडवतात. त्याचा ब्रेक दाबलेल्या हवेवर चालतो आणि नाकाचं चाक मोकळं फिरतं, त्याला स्टीअरिंग नाही. वळायचं तर मूठ दाबायची आणि त्याच वेळी रडर पेडल वळायच्या बाजूला दाबायचं, मग त्या बाजूच्या चाकालाच ब्रेक लागतो. मूठ न दाबता नुसतं रडर दाबलं तर टॅक्सीच्या वेगात काहीही होत नाही. नवा माणूस इथेच सगळ्यात जास्त अडकतो. उभ्या विमानाला जागच्या जागी वळवू नका. आधी ते थोडं चालू द्या, मग छोटे छोटे दाब देत नाक फिरवा, आणि हव्या दिशेच्या जरा आधी सोडा. मोकळं चाक स्वतःहून सरळ व्हायला वेळ घेतं. हवेचा साठाही मर्यादित असतो. टॅक्सीत सतत मूठ आवळत राहिलात तर दाबमापकाचा काटा खाली येताना दिसेल आणि उतरताना हवी तेव्हा हवा नसेल. सुखोई-२७, मिग-२९ आणि डीसीएससोबत फुकट मिळणाऱ्या सुखोई-२५टीमध्ये ‘डब्ल्यू’ने ब्रेक लागतो आणि ‘पी’ने पॅराशूट उघडतं.

आडवा वारा आणि ओली धावपट्टी

आडव्या वाऱ्यात पॅराशूट शेपटीला वाऱ्याच्या दिशेने ओढतं आणि नाक वाऱ्यात वळतं. विमान सरळ राहत नसेल तर पॅराशूट लगेच सोडून द्या आणि उरलेलं काम ब्रेकने करा. वेग असेपर्यंत दिशा रडरने सांभाळा, ६०–७० नॉटच्या खाली रडर मऊ पडलं की ब्रेकचा फरक वापरा. फरक करताना एका पेडलवरचा दाब वाढवण्यापेक्षा दुसऱ्यावरचा थोडा कमी करा, म्हणजे विमान फेकलं जात नाही. नाकाच्या चाकाचं स्टीअरिंग जोरात असताना लावू नका. पेडल पूर्ण दाबलेलं असताना ते चालू झालं की नाक एका क्षणात वळतं आणि विमान आडवं होतं. पेडल मध्यावर आणून मगच लावा.

पावसात टायर पाण्यावर तरंगतो. तो कोणत्या वेगाला तरंगेल याचा अंदाज टायरमधल्या दाबावरून काढतात: दाब पीएसआयमध्ये घ्या, वर्गमूळ काढा, ९ ने गुणा, उत्तर नॉटमध्ये येतं. २२५ पीएसआयला १३५ नॉट. पण टेकताना चाक फिरत नसतं, तेव्हा ९ ऐवजी ७.७ धरतात, म्हणजे ११५ नॉटपर्यंत चाक पकडच घेत नाही. एक्स-प्लेन १२मध्ये ओल्या धावपट्टीचं घर्षण वेगळं धरलेलं आहे, तिथे हा फरक चांगला कळतो. अशा वेळी टेकणं मऊ करायच्या मागे लागू नका. जरा ठाम टेकवलं की चाकं पाणी कापून खाली जातात आणि लवकर फिरायला लागतात.

टॅक्सी आणि उड्डाणाआधी

हलक्या लढाऊ विमानाचं इंजिन आयडललाही विमानाला पुढे ढकलत राहतं. पेडलवर पाय ठेवून वेग रोखत चालणं म्हणजे ब्रेक अखंड तापवणं. वेग २५ नॉटपर्यंत चढू द्या, मग एकदाच नीट दाबून १०–१२ वर आणा आणि पाय काढा. वळणात १० च्या वर नको. उंच आणि अरुंद चाकांची विमानं वळणात झुकतात.

उड्डाणाआधी ब्रेक धरून इंजिन वाढवताना एफ-१६ला ९० टक्क्यांवर थांबा. त्यापुढे, विशेषतः आफ्टरबर्नर लावल्यावर, ब्रेक धरलेला असला तरी टायर घसरायला लागतात. एफ-१६चा पार्किंग ब्रेक थ्रॉटल पुढे गेला की आपोआप सुटतो, तो बिघाड नाही. सुटताना कळ अँटी-स्किडवर जाते. कळ बंदवर असेल तर ते तेव्हाच दुरुस्त करा.

उड्डाण रद्द करायची वेळ आली तर क्रम हाच: थ्रॉटल आयडल, स्पीडब्रेक, पॅराशूट, मग ब्रेक. फरक इतकाच, की इथे वजन पूर्ण इंधनाचं असतं आणि नाक वर धरून हवेकडून काम करून घ्यायला वेळ नसतो. सगळा भार ब्रेकवरच येतो, म्हणून पहिल्यापासून पूर्ण दाबा.

अशा थांबण्यानंतर खऱ्या विमानात ब्रेकची चकती थांबल्यावरही काही मिनिटं चाकाला तापवतच राहते. चाकातले वितळणारे खिळे मग नायट्रोजन सोडतात, म्हणजे टायर फुटण्याऐवजी बसतो. त्यामुळे तापलेल्या ब्रेकवर पार्किंग ब्रेक लावत नाहीत. ज्या सिममध्ये ब्रेकचं तापमान धरलेलं आहे तिथेही हेच पाळा: धावपट्टी सोडून मोकळ्या जागी थांबा, ग्राउंड क्रूला चाकांना ठोकळे लावायला सांगा, मग पेडल सोडा आणि इंजिन बंद करा.